सोळा फळ्यांचा जिना

माझ्या साडूबद्दल लिहायला बसलोय, तर आधीच सांगून टाकतो की मला त्याचा हेवा वाटतो. आजकालचा नाही, चांगला अकरा वर्षांचा मुरलेला. बायको म्हणाली, "लिहिताय तर खरं लिहा, नाहीतर राहू द्या." म्हणून ही अशी सुरुवात. आता पुढचं वाचताना कुणी मला सांगायला नको की तुमच्या पोटात दुखतंय. दुखतंयच.

तो सुतार, मी वेल्डर. त्याची बायको म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. आम्ही दोघं एकाच वर्कशॉपमध्ये कामाला, आणि त्याला तिथं आणला कुणी? मीच. मेहुणीच्या लग्नाला वर्ष झालं होतं, ह्याचं आधीचं काम सुटलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघून नुसता सुस्कारा सोडला आणि मी दुसऱ्याच दिवशी मालकीणबाईंकडे शब्द टाकला. विकतचं दुखणं म्हणतात ते असं घेतात.

आमच्याकडे बाकं बनतात. शाळांची, दवाखान्यांची, जिथं जिथं माणसाला वाट बघत बसावं लागतं तिथली. लोखंडी पाय माझे, वरची फळी त्याची. आता तुम्हीच सांगा, बाकावर बसणारा माणूस काय करतो? फळीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "वा, काय गुळगुळीत आहे!" पायांकडे कधी बघतो? ठेच लागली की. अकरा वर्षं मी ह्याची फळी उचलून धरतोय आणि वाहवा होतेय फळीची.

वर्कशॉपमध्ये त्याला 'दोनसूत' म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. काम कुठलंही असो, हा म्हणणार, "दोन सूत जागा सोडा." दाराला चौकटीपासून दोन सूत, ड्रॉवरला बाजूनं दोन सूत. "लाकूड फुगतं," म्हणतो. "आज बसलं म्हणून उद्या बसेलच असं नाही." मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "आमचं लोखंड बरं बाबा, जिथल्या तिथं असतं." तर हा हसून म्हणतो कसा, "लोखंडही फुगतं की दादा, तापलं की. माणसासारखंच." सगळे खो खो हसले. मीही हसलो. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

त्याची माप घ्यायची रीतही जगावेगळी. टेप खिशात असते, पण ती बाहेर येते फक्त दुसऱ्या कुणी मागितली तर. प्रत्येक कामाला हा लाकडाची एक नवी पातळ पट्टी घेतो, वस्तूला लावून धरतो आणि पेन्सिलीनं रेघ मारतो. आकडा नाही, अक्षर नाही, नुसत्या रेघा. "आकडा विसरतो माणूस, नाहीतर चुकीचा लिहितो," म्हणतो. "पट्टी विसरत नाही." कपाट करायचं असेल तर त्या घरातल्या बाईचा हात किती वर पोचतो, तीही रेघ त्या पट्टीवर. कुठली रेघ कशाची, ते फक्त ह्याला ठाऊक. काम संपलं की पट्टी मोडून भुशात टाकतो. मला ही सगळी नाटकं वाटायची.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात त्यानं भिंतीवर एक मांडणी करून दिली. तेव्हापासून आम्ही कधीही गेलो की पहिली पाच मिनिटं त्या मांडणीची. "टाचा उचलाव्या लागत नाहीत गं, हात वर केला की डबा हातात." त्यांच्या दाराचं लोखंडी फाटक मी केलंय. चार माणसांनी उचलून बसवलेलं, हत्तीनं धडक दिली तरी हलायचं नाही. त्याच्याबद्दल काय म्हणतात? "जरा करकरतं, पण मजबूत आहे." घरी परत येताना मी वाटभर त्या 'पण'वरच बोलत असतो आणि बायको खिडकीबाहेर बघत असते.

आता गुडघ्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आठ वर्षांपूर्वी बाकांच्या सांगाड्यांची चळत घसरली आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर आली. डॉक्टरांनी करायचं ते केलं. गुडघा थोडा वाकतो आणि मग गंजलेल्या बिजागरीसारखा अडतो. दीड महिन्यानं कामावर परत आलो, ताठ चालत आलो आणि सगळ्यांना सांगितलं, "एकदम बरा आहे." बरा कसला! दुपारनंतर उभं राहून वेल्डिंग करताना पाय नुसता पेटलेला असायचा. पण आमच्या धंद्यात 'उभं राहवत नाही' म्हटलं की लोक फार प्रेमानं म्हणतात, "मग घरी बसा." म्हणून मी मिठाची गुळणी धरली. माहीत होतं ते फक्त बायकोला. असं मला वाटत होतं.

आणि माझा डोळा होता एका खुर्चीवर. मालकीणबाई दोन वर्षं म्हणत होत्या की सगळं सामान एका जागी आणायचं आणि त्याच्यावर एक माणूस बसवायचा. कुठली वस्तू कुठं आहे, काय संपत आलंय, काय मागवायचं, हे बघणारा. बसून करायचं काम. मला ती खुर्ची मानासाठी नको होती. बरं, थोडी मानासाठीही हवी होती. पण खरी हवी होती गुडघ्यासाठी. उभ्यानं मी आणखी वर्षभर रेटलं असतं, त्यापुढे नाही. ती खुर्ची मिळाली नाही तर घर, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि हेही दिसत होतं की खुर्ची जाणार दोनसूतकडे, कारण आजवर सगळं त्याच्याकडेच गेलं होतं.

आमचं ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यात प्लायवूड आणि काचा लावून केलेली एक खोली. दहा बाय बारा, उंची आठ फूट. वर शेडच्या पत्र्यापर्यंत मोकळी जागा. मोकळी जागा दिसली की माणूस तिथं काहीतरी फेकतोच. ऑफिसच्या छतावर बाकांचे जुने पाय, रंगाचे डबे, मोडक्या खुर्च्या, कुणीतरी कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं सगळं. प्लाय पोट सुटल्यासारखा खाली आला होता. एका सकाळी तो फाटला आणि बाकाचा एक पाय थेट मालकीणबाईंच्या टेबलावर पडला. चहाचा कप फुटला, बाई बचावल्या. पाय अर्थातच माझ्या हातचा. दोनसूत सोडून सगळ्यांनी तो उचलून माझ्याकडे बघितलं.

बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. "ऑफिसच्या वर व्यवस्थित पोटमाळा करायचा. ऑफिसच्या भिंतींवर काडीचाही भार नको. शनिवारी दोघंही आपापला विचार घेऊन या. आणि माळा झाला की सामानाचा माणूसही ठरवू."

शनिवार म्हणजे चार दिवस. मी घरी कागद, पट्टी, पेन्सिल घेऊन बसलो. चार खांब कोपऱ्यांना, ऑफिसच्या भिंतींना न शिवता. त्यावर लोखंडी तुळया, आडव्या पट्ट्या, वर जाड प्लाय, कडेनं कठडा. जमिनीपासून साडेआठ फुटांवर माळा, वर माणूस ताठ उभा राहील एवढी उंची. मनात आकडेमोड जुळत होती आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच गुडघा विसरलो होतो.

त्याच बुधवारी मेहुणी आणि तो घरी आले. आमच्या दाराशी एक दगडी पायरी आहे. मी बाजारातून आलो तर हा पायरीशेजारी उकिडवा बसलेला, हातात पट्टी, आणि बघतोय माझ्या पायांकडे. मी उजवा पाय वर ठेवला, दारचा गज धरला, डावा मागून ओढून घेतला. रोज तसाच चढतो. ह्यानं पट्टीवर रेघ मारली.

"काय मोजतोयस?"

"काही नाही दादा, सहज. पायरी छान आहे तुमची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पायरी छान आहे म्हणे! लंगड्याची गंमत बघायला घरापर्यंत आला, असंच मला वाटलं. चहा पिऊन तो गेला तेव्हा मी त्याला दारापर्यंत सोडायलाही उठलो नाही.

शनिवारी कळलं की ह्यानं आपला नकाशा गुरुवारीच बाईंना दाखवला होता आणि बाई 'छान आहे' म्हणाल्याही होत्या. म्हणजे माझ्या आधी! मी नकाशा बघितला. खांब, तुळया, प्लाय सगळं माझ्यासारखंच. "लोखंडाचं दादा सांगतील तसं," असंही खाली लिहिलेलं. मला त्यात नम्रपणा दिसला नाही, सावधपणा दिसला. माळ्यावर कडेला एक छोटा चौकोन काढलेला होता. खोकं असेल म्हणून मी विचारलंच नाही. माझी नजर गेली जिन्यावर.

काय जिना होता तो! ऑफिसच्या दोन भिंतींना वळसा घालून वर जाणारा, मध्ये थांबायला चौथरा, दोन्ही बाजूंना कठडा. मी पायऱ्या मोजल्या. सोळा फळ्या आणि सतरावी माळ्याची जमीन. सहा-सहा इंचांची एकेक पायरी.

मला हवं ते सापडलं होतं.

"बाई, तेरा पायऱ्यांत होणारं काम हा सतरा पायऱ्यांत करतोय. वर काय कुणाच्या आजीचा मुक्काम आहे का?"

बाई हसल्या. मग त्याला म्हणाल्या, "खरंच, सहाच इंच का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "चढायला सोपं पडतं, बाई."

"कुणाला?"

"कुणालाही."

एवढं लेचंपेचं उत्तर त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. माणूस अडलाय हे मला दिसत होतं आणि त्याचा मला आनंद होत होता. मी काही दमच घेतला नाही. म्हटलं, जिन्यानं ही एवढी जागा खाल्ली तर नवीन रंध्याचं मशीन ठेवणार कुठं? बाईंच्या डोक्यात ते मशीन किती दिवसांपासून आहे ते मला माहीत होतं. म्हटलं, मी सरळ लोखंडी शिडी करून देतो. भिंतीला लागून, दोन फूट जागेत. आठ दांडे, एकेक फुटाच्या अंतरानं. तरणीताठी माणसं आहोत, वर जायला राजवाड्याचा जिना कशाला?

"दादा, एकदा विचार करा," तो म्हणाला.

"विचार करूनच बोलतोय. नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुझं. साधी शिडी सुचली नाही म्हणून जिना."

बाईंनी पेन्सिलीनं जिन्यावर फुली मारली आणि शेजारी माझी शिडी काढली. तसा दिवस मी अकरा वर्षांत बघितला नव्हता. घरी जाताना मी चक्क शीळ वाजवत होतो.

बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "सहाच इंच का, ते विचारलंत त्याला?"

"विचारलं की. बाईंनीच विचारलं."

"चौघांत नाही हो. एकट्याला."

"एकट्याला कशाला विचारायचं?"

ती उठून आत गेली. बायका अशा उठून आत गेल्या की समजावं काहीतरी चुकलंय. मी त्या दिवशी समजून घ्यायला तयार नव्हतो.

तीन आठवडे माळ्याचं काम चाललं. खोटं कशाला बोलू, काम आमचं दोघांचं छान जमतं. मी खांब उभे केले, तुळया खाली जमिनीवर जोडल्या. वर चढवायची वेळ आली की तो पुढे व्हायचा. "दादा, तुम्ही खालून बघा, वरचं मी बघतो." प्रत्येक वेळी. वर उभा राहून हा बोल्ट आवळणार आणि खालून जाणारे-येणारे मान वर करून त्यालाच बघणार. मी मनात म्हणायचो, बघा, माझ्या लोखंडावर उभा राहून मिरवतोय.

शिडी मात्र मी जीव ओतून केली. आयुष्यात इतकं सुबक वेल्डिंग मी केलं नव्हतं. जोड हातानं चाचपला तरी कळू नये. आठही दांडे अगदी समांतर. भिंतीला लावली तेव्हा खालचे दोन बोल्ट मी आवळले, वरचे दोन त्यानं. बाईंनी शिडीला धरून हलवून बघितलं आणि म्हणाल्या, "कमाल आहे तुमची." पहिल्यांदाच कुणी फळीआधी लोखंडाला नावाजलं. मी ते वाक्य दोन दिवस जपून वापरलं.

जिन्याच्या जागेवर रंध्याचं नवीन मशीन आलं आणि जमिनीत बोल्ट ठोकून बसलं. आता तिथं जिना होणं नाही.

सोमवारी सकाळी बाईंनी सगळ्यांना माळ्याखाली गोळा केलं. दोनसूत माझ्या शेजारीच उभा होता, कानावर पेन्सिल, चेहऱ्यावर काही नाही. मी मनात त्याचं अभिनंदन करायचे शब्दही जुळवून ठेवले होते, चारचौघांत वाईट दिसू नये म्हणून.

"आजपासून सामान बघणार आपले वेल्डर दादा," बाई म्हणाल्या. "एकवीस वर्षांतला एकेक नट कुठं आहे ते त्यांना पाठ आहे. खरं म्हणजे मला हे सुचलंही नव्हतं. साडूंनीच सांगितलं, अगदी पहिल्या दिवशी. म्हणाले, हे काम दादांशिवाय कुणाला जमायचं नाही."

टाळ्या वाजल्या. मी वळून त्याच्याकडे बघितलं. तो टाळ्या वाजवत होता, पण बघत होता शिडीकडे.

"ऑफिसमध्ये दुसरं टेबल मावत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "म्हणून तुमचं टेबल वरच ठेवलंय. त्या नकाशात चौकोन होता ना, तो. तिथून सामानही दिसतं आणि सगळं वर्कशॉपही. चला दादा, चढा वर, बसा खुर्चीत."

तो चौकोन. खोकं नव्हतं ते.

मी माझ्या शिडीसमोर उभा राहिलो. एकेक फुटाचं अंतर. माझा डावा पाय उचलला जातो सहा इंच. फार तर साडेसहा. आणि मग मला आमच्या दाराची पायरी आठवली, तिच्याशेजारी उकिडवा बसलेला हा माणूस आठवला, आणि त्यानं मारलेली रेघ. 'कुणालाही' म्हणताना तो जमिनीकडे का बघत होता तेही कळलं. बाईंसमोर त्यानं 'दादांचा गुडघा' एवढे दोन शब्द उच्चारले असते तर जिना वाचला असता. आठ वर्षं मी झाकून ठेवलेली गोष्ट त्यानं उघडी पाडली नाही. मी त्याला चौघांत हसत होतो आणि तो माझंच झाकत होता. लाज वाटली.

लोक बघत होते. मी दोन्ही हातांनी शिडी धरली. उजवा पाय टाकला, हातांवर अंग वर ओढलं, डावा पाय ताठच्या ताठ बाजूनं फिरवून त्याच दांड्यावर आणला. असं आठ वेळा. वर पोचलो तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. खालून कुणीतरी म्हणालं, "दादा सावकाश चढले, जबाबदारीचा माणूस!" सगळे हसून कामाला गेले.

वर टेबल होतं, खुर्ची होती आणि भिंतीभर मांडणी. खुर्चीत बसलो आणि मांडणीच्या फळीवर हात ठेवला. फळीची पुढची कडा गोल होती. सामानाच्या फळीला कुणी गोल कडा करत नाही, काय कारण आहे? गोल कडा करतात पायरीला, पाय घासू नये म्हणून. मी फळ्या मोजल्या. सोळा होत्या. गुरुवारी बाई 'छान आहे' म्हणाल्या तेव्हा ह्यानं लागलीच रंधून ठेवल्या असणार, आणि शनिवारी मी त्यांच्यावर फुली मारायला लावली. टाकवल्या नसतील. सगळ्यात खालच्या फळीच्या मागं एक पातळ पट्टी सापडली. एकच रेघ असलेली. काम संपलं की तो पट्टी मोडतो. ही मोडली नव्हती, कारण हे काम झालंच नव्हतं. मी टेप काढून मोजलं. सहा इंच, आणि वर सोडायला दोन सूत.

ह्याला आता सहा महिने झाले. मी सकाळी एकदा वर चढतो ते संध्याकाळीच उतरतो. मधे उतरणं परवडत नाही. त्यानं तुळईला एक कप्पी बसवून दिलीय, तिच्यावर टोपली. माझा डबा, पाणी, चहा, खिळ्यांचे पुडे, सगळं टोपलीतून वर येतं आणि हवं ते खाली जातं. बाईंना वाटतं ती सामानासाठीची सोय आहे आणि नवीन कल्पना म्हणून त्या पाहुण्यांना दाखवतात. गुडघ्याचं अजून कुणाला माहीत नाही. खुर्ची आहे, पाय दुपारनंतर पेटत नाही, नोकरी शाबूत आहे. तक्रारीला जागा नाही.

तुम्हाला वाटेल, आता हेवा गेला असेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. वर बसून मला सगळं वर्कशॉप दिसतं आणि त्यात तो दिसतो. कुणाचं काही अडलं की लोक त्याच्याकडे जातात. नवीन वेल्डरसुद्धा माझ्याकडे वर न बघता त्याला विचारतो. सासूबाईंची मांडणी आहेच, आता मेहुणीकडे नवीन कपाट झालंय आणि माझी बायको ते दोनदा बघून आली. मी वरून बघतो आणि जळतो. फरक एवढाच की पूर्वी मी त्याच्या हाताच्या कामावर जळायचो.

मी त्याला अजून काही बोललेलो नाही. पट्टी सापडली हेही नाही. ती माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. दोन-तीनदा तोंडाशी आलं, पण 'चुकलं माझं' हे शब्द माझ्या गुडघ्यासारखेच आहेत, थोडे वाकतात आणि अडतात. त्यानंही कधी विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

संध्याकाळी भोंगा झाला की लोक हातपाय धुवायला जातात. तेवढ्यात मी उतरायला लागतो. तो तेव्हा बरोबर शिडीखाली येऊन उभा राहतो आणि दोन्ही हातांनी शिडी धरतो. ती शिडी चार बोल्टनी आवळलेली आहे, हत्तीनं धडक दिली तरी हलायची नाही, त्यालाही माहीत आहे. एकदा मी वरूनच ओरडलो, "धरायची गरज नाही रे!"

"माहितेय दादा," तो म्हणाला. "असू द्या."

आणि धरूनच उभा राहिला. मी शिडीकडे तोंड करून उतरतो, त्यामुळे त्याचा चेहरा दिसत नाही, वळवलेली मान तेवढी दिसते. डावा पाय खालचा दांडा चाचपत असतो, कधी कधी बराच वेळ सापडत नाही. त्याचं डोकं माझ्या पायापासून हातभर अंतरावर असतं. हात पुढे करून माझा पाय दांड्यावर ठेवणं त्याला सहज जमेल. तो ठेवत नाही. शिडी धरतो, भलतीकडे बघतो आणि मला शोधू देतो. त्याच्या जागी मी असतो तर पाय धरला असता, शिवाय चौघांना हाक मारून दाखवलंही असतं. हे मला माहीत आहे, आणि रोज संध्याकाळी आठ दांडे उतरेपर्यंत मला त्याचा हेवा वाटत राहतो.